काही घडले नाही

बाबांच्या वहीत, निळ्या शाईत, एकच वाक्य
एकशे बारा वेळा आलंय:
आज काही घडले नाही.

वर तारीख, तापमान, पाण्याचे ड्रम किती उरले.
खाली सही, सुभेदार दिगंबर मोकल,
मु. गोठिवली, जि. ठाणे,
जणू त्या परक्या नदीकाठी कुणी पत्ता विचारणार होतं.

लहानपणी मला लाज वाटायची.
वर्गातल्या मुलींचे बाप रबाळ्याला कंपन्यांत काहीतरी बनवायचे,
बॉयलर, औषधं, निदान खिळे.
माझा बाप निळी टोपी घालून विमानाने गेला
आणि तेरा महिन्यांनी परत येऊन
ओट्यावर बसलेल्या काकांना म्हणाला,
"काय नाय झाला."
काका हसले. "मंग गेलतास कशाला?"

वही नीट वाचली ती यंदा,
समासातली पेन्सिल दिसली तेव्हा.

'चोरीला गेलेल्या गाई नऊ. परत आल्या नऊ.
पण मधल्या काळात दोन व्याल्या.
वासरं कुणाची?'

सहा तास.
चिंचेखाली दोन्हीकडचे म्हातारे,
मागे गवतात पोरं, मांडीवर बंदुका.
दुभाष्या मध्येच उठून उलटी करून आला, असंही लिहिलंय.
'वासरं आईमागे जातील.
दूध मात्र एक पावसाळा, ज्यांनी चारलं त्यांचं.
हे त्यांनीच ठरवलं. मी एवढंच म्हटलं,
आमच्याकडे म्हशींचं असंच करतात.'

करत नाहीत.
आमच्याकडे कोर्टात जातात.

मग शाईने, सरळ ओळीत: आज काही घडले नाही.

आणखी एक, तीनदा अधोरेखित:
'ऊन कुणाच्या डोळ्यांवर येतंय ते आधी पाहावे.
आपली खुर्ची तिथे न्यावी.'

म्हणजे ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळचा तो
खाडीकडच्या खिडकीसमोर डोळे बारीक करून बसायचा,
ते हे.
आई म्हणायची, पडदा तरी ओढा, नाहीतर सरका.
सरकायचा नाही.

सतरा मार्च.
तापमान चव्वेचाळीस, ड्रम दोन.
वाक्य नाही.
समासात: 'रेडिएटर फुटला. चाळीस मिनिटं उशीर.'
पुढची सहा पानं कोरी.
सातव्यावर अकरा नावं, देवनागरीत,
खाडाखोड करकरून,
एकाचा उकार दोनदा बदललेला, ऱ्हस्व, दीर्घ, परत ऱ्हस्व.
कुणाला तरी विचारत बसला असेल,
असं म्हणायचं का? की असं?

त्या पानाविषयी तो कधी बोलला नाही
आणि आम्ही विचारलं ते टोपीविषयी.

मंगळवारी मी बेलापूरच्या कोर्टात
मध्यस्थीच्या खोलीत बसते.
पश्चिमेला खिडकी, पडद्याच्या कड्या तुटलेल्या,
अर्ज देऊन वर्ष झालं.
आज सानपाड्याचे दोघे भाऊ,
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, मध्ये अर्धी भिंत.
गेल्या महिन्यात भिंतीवरून कोयता निघालेला.
मी खुर्ची उचलली, उन्हात ठेवली.
दोघांनी वेडी बाई म्हणून पाहिलं.

दीड तास भिंतीवरच गेला.
मग आईच्या दागिन्यांवर. मग कुणीच बोललं नाही,
धाकटा पाण्याची बाटली उघडत होता, बंद करत होता.

फॉर्मवर दोन चौकटी असतात.
समेट झाला. समेट झाला नाही.
मी दुसरीत खूण केली आणि पुढच्या तारखेसाठी डायरी चाळली.

थोरला उठता उठता म्हणाला, धाकट्याकडे न बघता,
"बेस्तरवार नको.
त्याचा डायलिसिस असतो."

चौकट तिसरी नाही.
मी समासात पेन्सिल टेकवली, काय लिहायचं सुचेना,
मंगळवार लिहिला.
ऊन तोवर टेबलावरून उतरून
फरशीवर गेलं होतं.